घरातला समुद्र आणि माणदेशचे पाणी

म्हसवडपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तर दीडशे किलोमीटरांहून थोडा अधिक लांब आहे. मध्ये सह्याद्री आहे. तो अरबी समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेलाच रिते करून घेतो, म्हणून माण तालुक्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस येतो आणि वाईट वर्षी त्याच्याही निम्मा. अशा गावात कोणी घरात खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय मांडायचे म्हटले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "समुद्राचं पाणी काय टँकरने आणणार?" प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे. या लेखात त्याचेच उत्तर शोधायचे आहे.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. मोटार रिवायंडिंग आणि विहिरीवरच्या पंपांची कामे करत आयुष्य गेले, आणि पाण्याविषयी वाचण्याचा नाद त्यातूनच लागला. घरच्या तळमजल्यावर पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी मी सांभाळतो. तिच्याभोवतीच्या यंत्रांचा अभ्यास करताना एक गोष्ट लक्षात आली. यातले प्रत्येक उपकरण समुद्र जे काम फुकट करतो त्याची नक्कल करते. हालचाल, सफाई, थंडावा या कामांची यंत्रे बाजारात मिळतात. पण समुद्राची आणखी दोन कामे आहेत : आटलेले पाणी भरून देणे आणि टाकाऊ ते पोटात घेणे. या दोन्हींचे यंत्र दुकानात मिळत नाही, आणि माणदेशात टाकी ठेवावी की नाही हे नेमके त्यांवरच ठरते.

मोलकरणीपासून मोटारीपर्यंत

घरात समुद्रजीव ठेवण्याचा इतिहास फार जुना नाही. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. पाण्यात हवा मिसळत राहिली नाही तर जीव मरतात, हे त्यांनी ओळखले होते. पंप नव्हता, म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी बसून अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. आजच्या टाकीतला पंप हे त्या बाईचे काम करतो. तिचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही.

पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने वनस्पती आणि मासे एकमेकांना कसे तगवतात ते मांडले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडले. 'ॲक्वेरियम' हा शब्द फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकाने घरोघरी नेला. त्याच सुमारास समुद्राच्या पाण्याची कृत्रिम पाककृतीही त्यांनी दिली. यंत्ररचनेच्या दृष्टीने मात्र मोठा टप्पा १८७१ चा. त्या वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी दर्शनी टाक्यांच्या कितीतरी पट पाणी तळघरातल्या अंधाऱ्या, थंड हौदात ठेवले आणि वाफेच्या इंजिनाने ते सतत वर-खाली फिरवले. लोकांनी पाहायचे पाणी थोडे, न दिसणारे पाणी पुष्कळ. आजही घरगुती टाकीच्या खाली कपाटात दुसरी टाकी असते, ती याच हौदाची धाकटी बहीण.

आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. २०१५ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले तेव्हा बारा फुटी पारदर्शक बोगदा पाहायला रांगा लागल्या होत्या. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचेही मत्स्यालय आहे. या दोन्ही जागांचे मोठे भाग्य असे, की समुद्र रस्त्यापलीकडे आहे. घाटावर आले की ते भाग्य संपते, आणि सगळे हिशेबाने करावे लागते.

आधी वजन

पाच बाय दोन बाय दोन म्हणजे वीस घनफूट, सुमारे ५६५ लिटर. खारे पाणी गोड्या पाण्याहून जड, म्हणून त्याचेच वजन ५८० किलोंच्या घरात जाते. १२ मिलिमीटर जाडीची काच शंभर किलोंवर. वाळू, दगड, स्टँड आणि खालची टाकी धरली तर एकूण भार नऊशे किलोंहून कमी भरत नाही. हा भार दहा चौरस फुटांवर, म्हणजे एका चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर उभा राहतो. घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरतात. स्लॅब तो भार आजूबाजूला वाटून घेतो हे खरे, तरीही चार-पाचपट ओझे वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात ठेवणे शहाणपणाचे नाही. म्हसवडमधल्या जुन्या माळवदाच्या घरात तर वरच्या मजल्याचा विचारच नको. टाकी तळमजल्यावर, पक्क्या कोब्यावर आणि पाणसळ लावूनच ठेवावी. एका बाजूला पाच मिलिमीटरचा उतार राहिला तरी काचेच्या सांध्यांवर ताण कायमचा बसतो.

खारे म्हणजे समुद्राचे नव्हे

आमच्याकडे बोअरचे पाणी मचूळ असते. "खारंच आहे की, तेच घाला," असे सुचवणारे भेटतात. इथे थोडे रसायनशास्त्र लागते. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ मध्ये जगभर फिरून समुद्राचे पाणी गोळा केले. त्यातल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी १८८४ साली प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा, की खारेपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखेच असते. लिटरला ३५ ग्रॅम क्षार धरले तर माझ्या टाकीच्या ६०० लिटरना (वरची आणि खालची मिळून) २१ किलो लागतात. त्यात क्लोराइड साडेअकरा किलो, सोडियम साडेसहा किलोंच्या आत, सल्फेट दीड किलोंच्या थोडे वर, मॅग्नेशियम पाऊण किलो, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी पाव किलोंच्या आसपास. बाजारात मिळणारे तयार मिश्रण वजनाने थोडे जास्त लागते, कारण त्यातल्या काही क्षारांत पाणी बांधलेले असते.

खाण्याच्या मिठात यातले दोनच घटक असतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असतात, पण वेगळ्याच मापाने, आणि शेतातल्या खतांचा नायट्रेटही उतरलेला असतो. खारेपणा किती वेगवेगळा असू शकतो हे पाहायचे तर लोणारचे सरोवर आठवावे. तेही खारेच, पण सोड्याचे. त्याचा सामू दहाच्या आसपास, समुद्राचा ८.१. समुद्रातला मासा लोणारमध्ये जगणार नाही. म्हणून आधी पाणी कोरे करून घ्यायचे आणि मग त्यात समुद्राच्या मापाने क्षार घालायचे, हाच मार्ग उरतो.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना ही दुर्बिणीसारखी नळी ओळखीची आहे, पण त्यांची नळी साखरेचा ब्रिक्स दाखवते. इथे खाऱ्या पाण्याची मोजपट्टी असलेली नळी हवी, आणि ती ३५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून तपासून घ्यावी.

सांडवा, हेड आणि फेस

वरच्या टाकीत पाठीमागच्या कोपऱ्यात काचेची एक दातेरी आड भिंत असते. पाणी तिच्यावरून ओसंडून नळीवाटे खालच्या टाकीत उतरते. हा धरणाचा सांडवाच. खालच्या टाकीला या धंद्यात 'सम्प' म्हणतात. तिच्यात गाळणी, फेस काढण्याचे यंत्र, हीटर असे सगळे दडवता येते, आणि तिथून पंप पाणी पुन्हा वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, पण सांड्याच्या काठावरचे पाणी उतरतच राहते. काठावर दोन सेंटिमीटर पाणी असेल तर या टाकीत ते साडेअठरा लिटर होते. तेवढे, आणि शिवाय नळ्यांतले पाणी मावेल इतकी जागा सम्पमध्ये कायम रिकामी ठेवावी लागते. वर चढणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडतात. पंप थांबताच भोकातून हवा शिरते आणि उलटी ओढ तुटते. ते नसेल तर वरची टाकी खाली उतरून घरभर पाणी होते.

पंप निवडताना डब्यावरचा आकडा पाहून चालत नाही. तो आकडा शून्य उंचीचा असतो. आमचा शेतकरी मोटार घेताना आधी 'हेड किती' विचारतो, तोच प्रश्न इथेही विचारावा. पाणी दीड मीटर चढवायचे तर त्या उंचीवर तासाला किती लिटर मिळते ते पाहावे. एकूण पाण्याच्या चार-पाचपट पाणी तासाला फिरले की पुरते. पंप चुंबकीय आणि प्लास्टिकच्या देहाचा हवा. पितळ किंवा तांबे खाऱ्या पाण्याला लागले तर कोळंबी, शंख असले जीव टिकत नाहीत. लाटांसाठी टाकीतच दोन छोटे पंखे बसवतात. त्यांना फक्त पाणी ढवळायचे असते, म्हणून ते थोड्या विजेत पुष्कळ पाणी हलवतात.

फेस काढणाऱ्या यंत्राला 'प्रोटीन स्किमर' म्हणतात. उभ्या नळकांड्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतात. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून सुटणारे चिकट पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला धरतात, फेस वर चढतो आणि पेल्यात साठतो. गुऱ्हाळात रसावरची मळी काढतात ते चित्र डोळ्यांपुढे आणावे. तिथे काम उष्णतेने होते, इथे हवेने. किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा जो पिवळट फेस वाळूवर राहतो, तो समुद्राने स्वतः काढलेला मळ असतो.

उरलेली सफाई जिवाणू करतात. माशांपासून अमोनिया सुटतो आणि तो विषारी आहे. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही किमया जीवांची आहे हे श्लोसिंग आणि म्युन्त्स यांनी १८७७ साली सांडपाण्यावर दाखवले, आणि विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यांना वस्तीसाठी सच्छिद्र दगड लागतात आणि वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच. परदेशी पुस्तके यासाठी समुद्रातून काढलेले प्रवाळखडक सुचवतात. आपल्याकडे खडकाळ प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. त्यामुळे भाजलेले सिरॅमिकचे दगड वापरावेत. मासेही समुद्रातून पकडलेले घेण्यापेक्षा बीजकेंद्रात वाढवलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचे प्रजनन केव्हाच साधले आहे, आणि ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठाननेही असे काम उभे केले आहे.

वीज की पाणी

खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी मावतो, आणि पाणी तापले की आणखी कमी. म्हणून वीज जाण्याची भीती इथे दुप्पट आहे. सगळी टाकी इन्व्हर्टरवर चालवण्याची गरज नाही. दहा-पंधरा वॅटचा एक लाटांचा पंखा चालू राहिला तरी पृष्ठभाग हलता राहतो आणि मासे तगतात. शिवाय बॅटरीवरचा एक हवेचा पंप जवळ असावा. घरच्या वायरिंगला चांगले अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच हवाच, कारण खारे पाणी विजेला सहज वाट देते. प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोका देऊन न्यावी, म्हणजे थेंब प्लगमध्ये न जाता खाली गळतो.

उन्हाळा हा खरा परीक्षेचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळीस अंश असताना टाकी २७-२८ अंशांवर ठेवायची आहे. एक मार्ग चिलरचा. तो लहान फ्रीजसारखा असतो आणि तेवढीच वीज खातो, शिवाय काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो. दुसरा मार्ग माठाचा. पाण्यावर पंखा मारला की पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. हिशेब सुरेख आहे. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता नेते, तेवढ्याने सहाशे लिटर पाणी जवळपास एका अंशाने उतरू शकते. कोकणच्या दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो. माणदेशच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, म्हणून मी चिलर घेतला नाही. पण पंखा फुकट गारवा देत नाही. चिलर वीज मागतो आणि पंखा पाणी मागतो.

पाण्याचा जमाखर्च

उन्हाळ्यात या टाकीतून रोज सहा-आठ लिटर पाणी उडते. क्षार मागे राहतात, म्हणून भर कोऱ्या गोड्या पाण्याचीच घालावी लागते. वर्षभर सरासरी धरायची तर महिन्याला सुमारे दोनशे लिटर. नायट्रेट काढून टाकण्यासाठी दर पंधरवड्याला साठ लिटर पाणी बदलतो, ते १२०. एकूण ३२० लिटर कोरे पाणी. ते घरगुती आरओ यंत्राने करायचे तर एका लिटरमागे तीन लिटर पाणी वाया जाते असे धरू. म्हणजे जवळपास १,३०० लिटर पाणी ओढले जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी रोज ५५ लिटरचे माप ठरवले आहे, म्हणजे महिन्याला १,६५०. सरळ सांगायचे तर ही टाकी घरात आली की पाणी पिणारे पाऊण माणूस वाढते.

ज्या गावात २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरांच्या छावण्या पडल्या आणि माणसे चाऱ्यापाण्यासाठी गुरांसोबत मुक्कामाला राहिली, तिथे हा आकडा नुसता छंदाचा खर्च म्हणून सोडून देता येत नाही. टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्यांच्या शेजारी बसून पाणी उडवायचे, हे मला पटणारे नव्हते. उत्तर छपरावर सापडले. पाचशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे साडेशेचाळीस चौरस मीटर. वाईट वर्षी अडीचशे मिलिमीटरच पाऊस झाला आणि त्यातला वीस टक्के वाया गेला, तरी नऊ हजारांवर लिटर पाणी हाती येते. टाकीची वर्षाची गरज ३,८४० लिटर. पावसाचे पाणी मुळातच कोरे असते. त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून आरओची गरज नाही. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे, उरलेले गाळून, कोळशातून आणि क्षार टिपणाऱ्या रेझिनमधून काढायचे. जस्ताच्या पत्र्यावरचे पाणी मात्र नको, कारण जस्त विरघळून येते. गच्चीवरचे चालते. पाच हजार लिटरची काळी टाकी एकदा बसवली, झाकण घट्ट ठेवले, की वर्ष निघते. उरलेले पाणी घराला.

दुसरा प्रश्न बाहेर टाकायच्या पाण्याचा. साठ लिटरमध्ये दोन किलोंहून अधिक क्षार असतात, वर्षाला पन्नास किलोंच्या वर. मुंबईत ते गटारातून समुद्रालाच मिळतात. इथे गटार ओढ्याला जाते आणि ओढा माणगंगेला, जी वर्षातले बहुतेक महिने कोरडी असते. परसात ओतले तर माती चोपण होते, झाड जळते. मिठाने जमीन कशी जाते हे पाहायला लांब जायला नको. वाळवा, मिरज, शिरोळ या पट्ट्यात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. पिढीजात काळी जमीन पांढरी पडलेली ज्याने पाहिली, तो पन्नास किलो मिठाला क्षुल्लक म्हणणार नाही.

यावर मी मिठागराची नक्कल केली. चार फूट लांब-रुंद, सहा इंच खोल असा सिमेंटचा उथळ हौद, आतून गळतीरोधक लेप आणि वर पावसाळ्यापुरता सरकता पारदर्शक पत्रा. बदललेले पाणी त्यात ओतायचे. साठ लिटर तिथे जेमतेम चार सेंटिमीटर खोल राहते. कोरड्या हवेत ते आठ-दहा दिवसांत आटते आणि तळाला करडे मीठ उरते. पावसाळ्यात हे काम मंदावते, तेव्हा पाणी पिंपात साठवायचे. ते मीठ माणसाला, जनावराला किंवा शेताला द्यायचे नाही. पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवायचे. कोणी कोकणात जायला निघाले की ते भरतीच्या रेषेखाली समुद्राला परत जाते.

खरेदीचा क्रम

मला कोणी विचारले तर मी क्रम असा सांगतो. पहिल्यांदा पावसाच्या पाण्याची टाकी बसवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. ती भरली तर मीठ आटवण्याचा हौद बांधा. मग इन्व्हर्टर आणि अर्थिंग. त्यानंतर सम्प, पंप, स्किमर. काच सगळ्यांत शेवटी, आणि मासे त्याच्याही दीड महिन्यानंतर. मासे जितके थोडे, तितके नायट्रेट कमी, पाणी बदलणे कमी आणि मीठही कमी. माझ्या सहाशे लिटरांत नऊच मासे आहेत. ज्या घराच्या छपरावर चार हजार लिटर पाऊस धरण्याची सोय नाही, त्या घराने माणदेशात ही टाकी घेऊ नये. दुकानदार हा क्रम नेमका उलटा सांगतो, कारण त्याच्याकडे पाऊस विकायला नसतो.